हातात घड्याळ घेऊन उभ्या राहिलेल्या वहिनींना

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. वरती 'प्रिय' लिहावं की 'तीर्थरूप', यात माझे तीन कागद फुकट गेले. 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं टोमणा मारतेय, आणि 'सौ.' लिहून बघितलं तर ते पत्रापेक्षा आमंत्रणासारखं दिसायला लागलं. शेवटी आई म्हणाली, काहीही लिही, पण पुढे लिही. तर पुढे लिहिते. तुमची टाच कशी आहे? मैदानावर दिवसभर उभं राहायचं असेल तर चांगले बूट घे, असं दादा तुम्हाला प्रत्येक बंदरावरून कळवतो आणि तुम्ही प्रत्येक वेळी हो म्हणून तेच जुने बूट घालता, हेही त्यानंच मला कळवलंय. (बोटीवर त्याला दुसरं काही काम असतं की नाही कोण जाणे.) शाळेच्या स्पर्धा एव्हाना पार पडल्या असतील. इकडे आई ठणठणीत आहे. तिचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे, तोंड नाही. मी बरी आहे. उजव्या हाताच्या एका बोटाला टाके पडले होते, ते निघाले. ते कशानं पडले ते पुढे येईलच.

कारकून बरा आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकते, नाही तर बाकीचं पत्र तुम्ही उभ्यानं वाचाल. आत्ता तो माझ्या कापायच्या टेबलाखाली अस्तराच्या तुकड्यांवर झोपलाय. कानावरचा तो काळा पट्टा, ज्याच्यामुळे दादाला तो कानात पेन खोचलेला कारकून वाटला, तो झोपेत हलतोय. पूर्वी असा कान हलला की मी म्हणायचे, स्वप्न बघतोय. आता कान हलला की माझी कात्री थांबते. बसा आता.

गेला दीड महिना आपल्या दोघींचा जो पत्रव्यवहार चालू आहे, तो तुम्हाला पाठच असेल. सकाळी तुमचा मेसेज येतो, 'सात वाजले.' मी लिहिते, 'दिली.' संध्याकाळी पुन्हा तुमचं 'सात वाजले', पुन्हा माझं 'दिली'. नणंद-भावजयीनं एकमेकींना दुखवायला इतकी कमी जागा ठेवल्याचं दुसरं उदाहरण आपल्या घराण्यात नसेल. पण वहिनी, त्यातले पहिले तीन दिवस खोटे आहेत. तेव्हा मी 'दिली' असंही लिहिलं नव्हतं, नुसतं 'हो' लिहिलं होतं, म्हणजे खोटं बोलतानाही मी शब्द वाचवले. ते तीन दिवस सांगण्यासाठी हे पत्र आहे, आणि ते सांगायचे तर त्या गुरुवारपासूनच सुरुवात करायला हवी.

त्या गुरुवारी मी तुमच्याकडे आले ती हॉलच्या पडद्यांची आत दुमडलेली माया सोडवून द्यायला, असं मी सगळ्यांना सांगते. माया सोडवायची होती हे खरं, पण त्याला काही घाई नव्हती. दोन दिवस आधी दादाचा फोन आला होता. 'कारकून हल्ली सुस्त वाटतो, ती एकटीच आहे, जमलं तर डोकावून ये,' एवढंच तो म्हणाला होता. यातल्या 'ती एकटीच आहे' या भागाकडे मी लक्ष दिलं नाही, आणि 'सुस्त वाटतो' एवढं पदरात बांधून निघाले. गल्लीच्या तोंडाशी बेकरीत दोन बन घेतले, लोणी लावलेले, आणि पिशवीत टाकले. (हे बन लक्षात ठेवा. ही खाण्याची हौस नाही, पुरावा आहे.) दार नुसतं लोटलेलं होतं. आत आले तर भर दुपारी खोलीत काळोख. मीच शिवलेले, दुहेरी अस्तराचे पडदे गच्च ओढलेले. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, टेबल सरकवलेलं, पंखा जोरात. मधोमध फरशीवर कारकून आडवा, चारही पाय हवेत मारतोय, तोंडाला फेस. आणि त्याच्यापासून दोन हात लांब तुम्ही, शाळेचा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. त्याच्याकडे नाही, तुम्ही त्या घड्याळाकडे बघत होतात.

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटायला हवं होतं? (तुम्ही सांगालही. तुम्हाला वाटेल की मला विचारायला हवं होतं.) आपल्या घरात तुमच्या घड्याळावरून किती विनोद झालेत ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही भाताच्या कुकरला वेळ लावता, दादाच्या अंघोळीला वेळ लावता, आणि आईला एकदा जिना किती सेकंदांत चढलात ते सांगितलंत, ते ती अजून शेजारणींना सांगते. मला वाटलं, यांनी आता कुत्र्याला शर्यतीला लावलंय. शाळेतली मुलं कमी पडली म्हणून त्याला भर उन्हात पळवून आणलंय, तो कोसळलाय, आणि या बघतायत किती वेळात उठतो. मी पुढे धावले तर तुम्ही मान न वळवता हाताचा पंजा माझ्या दिशेनं वर केलात, सीमारेषा ओलांडणाऱ्या पोराला थांबवतात तसा. 'थांबा. हात लावू नका. मग सांगते.' खरं सांगू का, तुमच्या घड्याळाचा मला राग आला नाही तेवढा त्या पंजाचा आला. मी पंचेचाळीस वर्षांची आहे, माझं दुकान आहे, आणि मला सीमारेषेवर उभं केलं होतं.

मग मी जे बोलले ते तुम्ही विसरला असाल अशी एक खुळी आशा दीड महिना बाळगून आहे. पण मी विसरले नाही, म्हणजे तुम्ही कशा विसराल? मी म्हटलं, 'तुम्हाला जीव लावता येत नाही वहिनी, नुसतं घड्याळ लावता येतं.' तुम्ही बटण दाबलंत, घड्याळातला आकडा बघितलात, भिंतीवरच्या वहीत काहीतरी लिहिलंत. माझं वाक्य इतकं चांगलं झालं होतं की तुम्ही वहीत तेच लिहून घेताय असं मला क्षणभर वाटलं. इतकी मी मूर्ख.

मग कारकून उठला. झोकांड्या खात भिंतीवर आपटला. तुम्ही हळू आवाजात हाक मारलीत, तर तुमच्या अंगावरून जाऊन तो थेट माझ्यापाशी आला आणि माझ्या पिशवीत तोंड खुपसलं. तुम्हाला ओळख दिली नाही, माझ्याकडे आला. झालं, मला निकाल मिळाला. मी म्हटलं, बघा, त्याला कळतं. (आता मला माहीत आहे की फिटच्या झटक्यानंतर कुत्र्याला काही मिनिटं धड दिसत नाही, माणूस ओळखू येत नाही, आणि भूक मात्र राक्षसासारखी लागते. त्यानं मला निवडलं नव्हतं. त्यानं बन निवडले होते.) मी त्याला घेऊन जाते म्हणाले. तुम्ही भांडाल अशी माझी तयारी होती, दोन वाक्यं अजून शिल्लक होती. तुम्ही आत गेलात, त्याचं पांघरूण, भांडं, गोळ्यांची डबी आणि चार घड्या घातलेला एक कागद पिशवीत भरून आणलात आणि म्हणालात, 'गोळी सकाळी सात, संध्याकाळी सात. कागद वाचा.' त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवलात आणि दार उघडून धरलंत. मी रिक्षात बसून सबंध रस्ताभर विचार करत होते, किती कोरड्या आहेत या, साधं रडल्यासुद्धा नाहीत.

घरी येऊन मी डबी उघडली. आतल्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सुस्ती येऊ शकते.' दादाचा शब्दही 'सुस्त' हाच होता, म्हणजे मला सगळं उलगडलं. त्रास नको म्हणून तुम्ही त्याला गुंगीत ठेवता. मी डबी केराच्या टोपलीत टाकली. कागद मात्र टाकला नाही. मशीनचा डावा पाय बरेच दिवस हलत होता, चार घड्यांचा कागद त्याखाली अगदी बेतात बसला. तुमचं अक्षर वरच्या बाजूला येणार नाही एवढी काळजी घेतली. आई बघत होती. म्हणाली, ती सात वाजता गोळी दे म्हणाली ना? मी म्हटलं, आई, तुला काही कळत नाही. तेवढ्यात तुमचा पहिला मेसेज आला, 'सात वाजले.' मला वाटलं, दुसऱ्याच्या घरातही यांना घंटा वाजवायचीय. मी लिहिलं, 'हो.'

शुक्रवारी कारकून छान होता. शनिवारी तर इतका तरतरीत की मी चार गिऱ्हाइकांना सांगितलं, बघा, मोकळ्या हवेत आणलं की कसा होतो. प्रत्येक वेळी सात वाजले, प्रत्येक वेळी मी 'हो' लिहिलं. रविवारी दुपारी, ज्यांच्या घरी भिंती कमी आणि खिडक्या जास्त आहेत अशा एक बाई कापड पसंत करत असताना तो टेबलाखालून बाहेर आला, एका जागी टक लावून बघत राहिला आणि कडेला कोसळला.

त्या वेळात मी काय काय केलं त्याची यादी डॉक्टरांनी नंतर माझ्याकडून काढून घेतली आणि प्रत्येक कलमाला मान हलवली, नकाराची. मी त्याला घट्ट धरून ठेवलं. दिवे लावले. तोंडावर पाणी मारलं. नावानं ओरडले. खिडक्यांच्या बाई म्हणाल्या जीभ गिळेल, म्हणून मी त्याच्या दातात माझी लाकडी मोजपट्टी घातली. पट्टी नऊ इंचांवर मोडली आणि बोटाचं टोक कसंबसं वाचलं. (कुत्रा जीभ गिळत नाही, हे मला बोटाला टाके घालणाऱ्या माणसानंही सांगितलं. मी सोडून सगळ्या जगाला माहीत होतं.) तो झटका थांबला, मी देवाचे आभार मानले, आणि अर्ध्या तासात दुसरा आला. टॅक्सीत तिसरा. तेव्हा आई त्याच्या पायांवर ओला फडका ठेवून बसली होती आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आई गप्प आहे म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, माझ्या दुकानात आली असती तर मी तिला अगं-तुगं केलं असतं. सुई लावून, सलाईन लावून, तो शांत झाल्यावर तिनं मला विचारलं, झटका किती वेळ चालला. मी म्हटलं, खूप. खूप म्हणजे? मी म्हटलं, तासभर तरी. ती म्हणाली, 'काकू, तासभर चालला असता तर आपण हे बोलत नसतो. पाच मिनिटांच्या वर गेला की धोका असतो. म्हणून कुणीतरी बाजूला उभं राहून घड्याळ बघायचं असतं. बाकी काही करायचं नसतं. सामान बाजूला करायचं, उजेड कमी करायचा, गप्प उभं राहायचं.' मी तिला विचारलं की दुसरं काहीच करायचं नाही, तर मग माणसाला बघवतं कसं? ती म्हणाली, बघवत नाहीच.

मग तिनं विचारलं, आधी गोळ्या चालू होत्या का. मी सांगितलं, गुंगीच्या होत्या, मी बंद केल्या. तिनं पेन खाली ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सावकाश म्हणाली, या गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर कुत्रा मरू शकतो. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?

सांगितलं होतं. ते मशीनच्या पायाखाली होतं.

त्या दिवशी त्याला तिथेच ठेवून घरी आल्यावर मी जमिनीवर बसून मशीन उचललं आणि कागद काढला. तुमचा कागद म्हणजे तुमच्यासारखाच, एक शब्द जादा नाही. झटका आला तर काय करायचं, काय नाही करायचं, कितव्या मिनिटाला डॉक्टरकडे न्यायचं, कुठली गोळी किती, आणि लाल शाईनं 'बंद करू नये'. शेवटी एक ओळ निळ्या शाईनं होती. 'मी शाळेत असते तेव्हा तो सात तास एकटा असतो. दोनदा परत आले तेव्हा घर विस्कटलेलं होतं, किती आले कळलं नाही. तुमच्याकडे दिवसभर माणूस असतं.' म्हणजे तुम्ही माझ्यापुढे हरला नव्हता. मी तिथे वाक्यं जुळवत उभी होते तेव्हा तुम्ही त्याचा दिवस कुठे सुरक्षित जाईल त्याचा हिशोब करत होता, आणि माझ्यासारख्या बाईच्या दुकानातसुद्धा तो तुमच्या रिकाम्या घरापेक्षा बरा जाईल असं तुम्हाला वाटलं. माझ्यावर इतका मोठा विश्वास त्याआधी कुणी टाकला नव्हता. तो मी मशीन हलू नये म्हणून वापरला.

दोन दिवसांनी तो घरी आला. त्या रविवार संध्याकाळपासूनचं प्रत्येक 'दिली' खरं आहे (पहिले दोन दिवस दवाखान्यानं दिली, मग मी), आईची शपथ. (आई म्हणते तिची शपथ घेऊ नकोस, मशीनची घे.) आता घरातल्या आणि दुकानातल्या टेबला-खुर्च्यांच्या पायांना मी फोम घालून खोळी शिवल्यात, कोपऱ्यांनाही. सगळीकडे प्लॅस्टर घातलेली टेबलं उभी आहेत असं दिसतं. एका गिऱ्हाइकाला ती नवीन फॅशन वाटली आणि त्यांनी सहा खुर्च्यांची ऑर्डर दिली, मी शिवून दिली, कारण काय म्हणून शिवल्यात ते सांगायला लागलं असतं. मागच्या महिन्यात दोन झटके आले. मी पडदा ओढते, टेबल सरकवते आणि घड्याळ घेते. पण माझी नजर त्याच्यावरून हटत नाही, म्हणून आई मोठ्यानं आकडे म्हणते. मध्येच तिला त्याची दया येते, ती 'अगं बाई माझं' म्हणते आणि आकडा विसरते. त्यामुळे आमच्या वहीत पहिल्या झटक्यापुढे लिहिलंय, 'एक्केचाळीस, मग पुन्हा पहिल्यापासून सत्तावीस'. डॉक्टर म्हणाल्या, चालेल. तेवढा वेळ मी दोन हात लांब उभी असते आणि मला हात लावायचा असतो, वहिनी. इतका लावायचा असतो की मी दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरून ठेवते. तुम्ही हे एकट्यानं किती वेळा केलंत? आणि त्यातल्या एका वेळी पाठीमागून कुणीतरी येऊन तुम्हाला ते वाक्य ऐकवलं.

दादाला यातलं काही कळवलेलं नाही. तुम्हीही कळवलेलं दिसत नाही, कारण तो परवा मला म्हणाला की नणंद-भावजयीचं चांगलं जमलेलं दिसतंय, रोज मेसेज असतात म्हणे. असो. आईनं आशीर्वाद पाठवलेत, आणि माझे असतील नसतील ते नमस्कार तुम्ही स्वीकारावेत की नाही यात ती पडणार नाही, असंही कळवायला सांगितलंय. टाचेची काळजी घ्या.

तुमची,
धाकटी नणंद

ता. क. मूळ काम राहूनच गेलं. तुमच्या भिंतीवर ती जी वही टांगलेली असते, झटक्यांच्या तारखांची, ती टपालानं पाठवाल का? डॉक्टरांना औषधाचं प्रमाण ठरवायला जुन्या नोंदी लागतात. एवढ्याचसाठी इतकी पानं लिहिली.

ता. क. दुसरा. वरचं खरं नाही. डॉक्टर म्हणाल्या, रक्त तपासून त्यांना ठरवता येतं, वही असली तर उत्तम, नसली तरी चालेल. वही मला हवी होती, कारण तुम्ही तिच्यात आणखी काय लिहीत होतात ते बघायचं होतं. आणि तो इथे रमलाय असं जे वरती वाटलं असेल तेही पूर्ण खरं नाही. चौकातला वाहतुकीचा पोलीस शिट्टी वाजवतो तेव्हा कारकून उठतो, दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहतो आणि परत येतो. दिवसातून चाळीस वेळा तरी. चाळीस वेळा उठून बघतो, प्रत्येक वेळी पोलीसच असतो. मी आधी हसले होते.

ता. क. तिसरा, पेन्सिलीनं, क्षमस्व. पत्र पेटीत टाकायला निघाले तर आईनं त्याच्या सामानाची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, टपालानं कुत्रा जात नाही. मी आणि कारकून तुमच्या जिन्यात बसलोय, तिसऱ्या मजल्यावर, दाराबाहेर. पत्र दाराखालून सरकवते आहे. मागणं एवढंच आहे, बाकी सगळं सोडून द्या. तुम्ही शाळेत जाताना त्याला माझ्याकडे सोडा आणि येताना घेऊन जा. घर त्याचं तुमच्याकडे असू दे, मला फक्त तुमचे शाळेचे तास द्या. तेवढ्यात मी चूक करणार नाही. माझ्याशी बोलायला नकोच असेल तर पायरीवर सोडून जा, मी आत असेन. आत्ता तो दाराच्या फटीशी नाक लावून बसलाय, शेपटीनं जिना झाडतोय आणि मला ओळखत नसल्यासारखा वागतोय. या वेळी त्याला झटका आलेला नाही. दार उघडलंत तर आधी त्याच्याकडे बघा, माझ्याकडे नको. मी खाली तळमजल्यापर्यंत जाऊन पुन्हा वर येते. माझ्या गुडघ्यांना तीन मजले म्हणजे बराच वेळ लागतो. तेवढ्यात दार लावून घ्यायचं की उघडं ठेवायचं, ते तुमचं ठरू दे.